नात पहिली आली

तीर्थरूप थोरल्या वहिनींना धाकट्या दिराचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचं घोरणं कमी झालं का? (तो कबूल करणार नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो.) इकडे सगळे खुशाल, असं सवयीने लिहिणार होतो, पण खुशाल नाही.

गेल्या आठवड्यात आरोग्य खात्याच्या बाई गल्लीतल्या मुलांच्या बोटातून रक्त घेऊन गेल्या आणि सोमवारी घरोघरी आकड्याच्या चिठ्ठ्या आल्या. माझ्या नातीला, छोटीला, एकतीस! समोरच्या शिंप्याच्या नातवाला अवघे पाच. वहिनी, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी चिठ्ठी शिंप्याच्या टेबलावर आपटली, गल्लीला चहा पाजला, वर पोराच्या खाण्याकडे लक्ष दे असा उपदेशही केला. (बिचारा मान खाली घालून काजं करत राहिला.) बुधवारी शाळेत त्याच आरोग्य खात्याच्या बाईंची सभा होती. मी कामावरून तसाच उठून गेलो, पुढच्या बाकावर बसलो आणि पहिल्या आलेल्या मुलीला काय मिळणार, असं सगळ्यांदेखत विचारलं. बाईंनी मला खाली बसवून समजावलं. तो आकडा रक्तातल्या शिशाचा होता. जितका कमी तितका बरा, आणि नसला तर उत्तम. पोट दुखणं, चिडचिड, पाठ केलेलं विसरणं, सगळं त्यानेच होतं म्हणे. छोटी पोट धरून बसायची तेव्हा शाळा बुडवायचं नाटक म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो.

तरी वर तोंड करून विचारलं, हे शिसं आलं कुठून? बाईंनी माझा धंदा विचारला. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो, मागच्या अंगणात, वीस वर्षं झाली. (सांगताना छातीसुद्धा फुगवली.) त्यांनी माझ्या बाहीवरून शिसं लागलं की लाल होणारा कसलासा ओला बोळा फिरवला आणि तो लालभडक झाला. रोज संध्याकाळी छोटी याच बाहीत तोंड खुपसते. वहिनी, मी हबकलो तो अजून सावरलेलो नाही.

"काका, घाबरून बसू नका," बाई म्हणाल्या. "काम घरापासून लांब न्या, कपडे तिथेच बदला आणि आंघोळ केल्याशिवाय पोरीला उचलू नका."

शिंप्याने न सांगता कामाचे दोन शर्ट शिवून आणून दिले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आपला,
शरमेने अर्धा झालेला दीर

ता. क. : पाकीट अंगणातल्या फळीवरचं आहे. हात धुऊन घ्या.

आणखी ता. क. : मूळ काम हे, की अंगणातली माती उपसायला दोन महिने लागतील. तोवर छोटीला ठेवून घ्याल का? (सूनबाईचा होकार आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.) न्यायला मात्र लवकर या. आंघोळ करूनही पोरीला जवळ घ्यायचा मला धीर होत नाही, आणि ती रोज दारात उभी राहून विचारते, "आजोबा, माझं काय चुकलं?"