तुझ्या सिंबातला पाहुणा

प्रिय ओगोला,

डोर्कास काकूचा जावई सुट्टी संपवून पुन्हा तुमच्या दोह्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोन असताना आईला पत्राची हुक्की कुठून आली म्हणून हसशील. हस बाबा. पण फोनवर मी ‘जेवलास का’ विचारते, तू ‘हो गं, सगळं छान चाललंय’ म्हणतोस, आणि लगेच एकतर आवाज तुटतो नाहीतर तुझी ड्यूटी लागते. घरात जे घडलं ते तेवढ्यात सांगून होणारं नाही. बाबांनी थोडंफार सांगितलं असेल, पण त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, दोन वाक्यांत लग्न उरकतील.

आपल्याकडे पाहुणा आलाय, ते तुला ठाऊक आहेच. चेक देशातला, शाळेत विज्ञान शिकवायला आलेला. हेडमास्तर बाबांना म्हणाले, तुमच्याकडे राहू दे, आणि बाबांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. कुठे ठेवायचा? तर तुझ्या सिंबात. मला ते मुळीच रुचलं नव्हतं, खरं सांगते. फाटकाजवळचं ते घर तू स्वतः माती कालवून बांधलंस, तुझी खाट, तुझी खुंटी, आणि तिथं कुणी परका झोपणार म्हटल्यावर मला उगाच वाटलं की तू आता परत यायचाच नाहीस. बाबा म्हणाले, “रिकाम्या घराला वाळवी लागते. तुझ्या लेकाचं घर कुणी डोक्यावर घेऊन जात नाहीये.” मग काय, झाडलोट करायला तुझ्या चुलतभावाच्या बायकोला पाठवलं, कारण आईनं तिथं आत जायचा प्रश्नच नव्हता.

त्याचं नाव ओन्द्रे. आजीला कोण आनंद झाला! आपल्याकडचे पुरुष सगळे ‘ओ’वरूनच सुरू होणारे, त्यात हा गोरा ओन्द्रे. आजी त्याचा हात धरून म्हणाली, “अरे, हा आपलाच की! उन्हात कमी ठेवलाय एवढंच.” तो आपल्या भाषेतला सकाळचा नमस्कार शिकून आला होता, तोच संध्याकाळीही करायचा, आणि आजी तेवढ्याच प्रेमानं त्याला सकाळचं उत्तर द्यायची. उंच, हडकुळा, कान लाल झालेले. तुझ्याच वयाचा. पहिल्या संध्याकाळी कोंबडा कापला. बाबांनी मोठ्या मनानं कोंबड्याची पेटी, तो पोटातला मानाचा तुकडा, त्याच्या ताटात ठेवली. तुझ्या बाबांनी! ज्यांनी ती आजवर स्वतःच्या भावालाही दिली नाही! त्यानं काय करावं? ती सुरीनं अर्धी कापली आणि अर्धी मला दिली. बायकांनी पेटी खायची नाही हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? बाबांचा घास हातातच राहिला. आजी म्हणाली, “खा गं, पाहुण्यानं दिलंय. मला तर आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं, असतं काय त्यात.” आणि माझ्या ताटातली तिनंच उचलून तोंडात टाकली. वर म्हणते, “एवढ्यासाठी मला इतकी वर्षं उपाशी ठेवलंत होय?”

इथवर सगळं हसण्यावारी होतं. माझी चूक कुठं झाली ते आता सांगते. ताट रिकामं झालं की पाहुण्याला अजून भूक आहे, मला एवढंच ठाऊक. तो ताट अगदी लख्ख करायचा. मी मक्याच्या पिठाची उगाली वाढली, त्यानं संपवली. मी तळ्यातला मासा वाढला, त्यानं काटेसुद्धा चोखले. मी पुन्हा वाढायची, तो पुन्हा संपवायचा, आणि मी मनात म्हणायची, बघा, माझ्या हाताला चव आहे. त्याच्या देशात ताटात टाकलं तर वाढणाऱ्याचा अपमान होतो, हे मला आता कळलंय. म्हणजे तो माझा मान राखायला खात होता आणि मी त्याचा मान राखायला वाढत होते, आणि दोघांपैकी कुणी थांबेना.

त्यात डोर्कास काकू. तिचं तुला माहीतच आहे, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. तो विकतच्या बाटलीतलं पाणी प्यायचा. ही अंगणात बसून म्हणाली, “का रे, आमच्या मडक्यात विष आहे का?” आणि ते त्याला इंग्रजीतूनही सांगितलं, म्हणजे चुकायला नको. तो लाजला. मडक्याजवळ गेला, तांब्या भरून घटाघटा प्यायला, आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा चेहरा उतरला. जेवायला यायचा, ताट संपवायचा, आणि लगेच जाऊन दार लावायचा. भरदिवसा दार! आपल्याकडे दिवसा दार कोण लावतं, एकतर रुसलेला नाहीतर आजारी. माझा जीव टांगणीला लागला. आमचं काय चुकलं? रोज सगळा गाव बघायला येतोय, ते आवडलं नाही का? लोक म्हणणार, या अपोंडीनं स्वतःच्या लेकाला परदेशी धाडलं आणि दुसऱ्याच्या लेकाला धड सांभाळता आलं नाही. बाबांना म्हटलं, जरा विचारा. ते म्हणाले, “पुरुष माणसाला असं विचारत नाहीत.” मी त्याला इंग्रजीतून विचारलं, बरा आहेस ना? तो हसून म्हणाला, छान, आई, सगळं छान.

हे ‘सगळं छान’ माझ्या कानाला लागलं. कुठं लागलं ते तेव्हा कळलं नाही.

मग त्या दिवशी पुरुष सगळे पलीकडच्या गावी मयताला गेले. आजी गेली असती तुझ्या घरात तर काही अडचण नव्हती, आजीला कुणाचीच आडकाठी नाही, पण मयत सोडेल तर ती आजी कसली? सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती. मी मासे विकून आले तर सकाळचा चहा तसाच बाहेर, वर माश्या. हाक मारली. दार वाजवलं. आतून नुसतं कण्हणं ऐकू आलं. ओगोला, मी त्या दारासमोर उभी राहिले. वाढलेल्या मुलाच्या सिंबात आईनं पाऊल टाकायचं नाही, त्याच्या खाटेला हात लावायचा नाही. टाकलं तर दोष लागतो, आणि तो आईला लागत नाही, मुलाला लागतो. लहानपणापासून हेच ऐकलं. म्हणजे मी आत गेले तर काही झालंच तर ते तुला व्हायचं, तिथं, इतक्या लांब. आणि नाही गेले तर हे पोर इथं.

डोर्कास काकूनं मला मागून धरलं. म्हणाली, “अगं वेडी का काय! पुरुष येईपर्यंत थांब.”

मी म्हटलं, “तोवर हा राहील का? आणि तो काही माझा मुलगा नाही.”

“तो नसेल. घर तर तुझ्या मुलाचं आहे ना!”

“मग तू जा!”

ती दाराकडे बघत राहिली, पण हलली नाही. तिलाही तू पुतण्याच लागतोस, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी चपला बाहेर काढल्या, का काढल्या कुणास ठाऊक, आणि आत गेले.

तुझ्या खाटेवर तो मुटकुळं करून पडला होता. अंग भाजत होतं, ओठ फुटलेले, बादलीत ओकलेलं. किती दिवस त्याचं पोट वाहत होतं कुणाला ठाऊक. लाजेनं सांगितलं नव्हतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला, आणि बाहेर काकूला ओरडले की मोटरसायकलवाल्याला बोलाव. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काचेवर एका बाईचा फोटो, चष्मा लावलेली, पिकल्या केसांची. त्याची आई. मला वाटलं, बरं झालं, आता तिला सांगता येईल. पण त्यानं माझा हात दाबला आणि मानेनं नको नको म्हणाला. मग काय केलं माहीत आहे? भिंतीला धरून उठून बसला. माझ्याच ओल्या पदरानं तोंड पुसलं. केस सारखे केले. फोन उंच धरला, चेहऱ्यावर उजेड येईल असा, मागची बादली दिसणार नाही असा. आणि हसला. त्याची भाषा मला कळत नाही, पण आवाज असा वर चढवलेला, खेळकर. मध्येच एकदा मोठ्यानं हसलासुद्धा. तिकडून ती बाईही हसली. फोन बंद झाला आणि तो पुन्हा माझ्या मांडीवर कोसळला.

मोटरसायकलवर त्याला मध्ये बसवून, मी मागून कवटाळून, दवाखान्यात नेलं. पोटात जंतू गेले होते, अंगातलं पाणी संपलं होतं. नर्सबाई मला म्हणाली, “पाहुण्याला पाहुणचारानंच मारायला निघाला होतात का?” आता तो बरा आहे, पातळ पेज पितो, आणि पोट भरलं की ताटावर हात आडवा धरतो. ते मीच त्याला शिकवलं. पाणी मी उकळून देते. डोर्कास काकू रोज येते, पण मडक्याकडे बघत नाही.

बाबांनी घरी आल्यावर सगळं ऐकलं. मग म्हणाले, “ओगोलाला कळवायला हवं.” आजीनं झाडपाल्याचं पाणी करून तुझ्या उंबऱ्यावर शिंपडलं, तुझं नाव घेऊन. म्हणाली, दोष असलाच तर मिटला, आणि नसला तर घर स्वच्छ झालं. तेव्हा तू घाबरू नकोस. मी पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा जाईन, हेही सांगून ठेवते.

पण मी हे पत्र तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून मला झोप नाही, कारण ‘सगळं छान’ कसं करतात ते मी जवळ बसून बघितलं. तू फोनवर दिसतोस तेव्हा मला तुझा चेहरा दिसतो आणि मागं एक पांढरी भिंत. तुझी खोली तू मला एकदाही दाखवली नाहीस. मी दाखव म्हटलं की तू काहीतरी बोलून मला हसवतोस, आणि मी हसते, त्या चष्मेवाल्या बाईसारखी. तुला काही झालं तर तिथं तुझ्या दारासमोर कोण उभं राहील, ओगोला? आत कोण येईल? मला तुझे पैसे नकोत, आणि माझा मान राखायला तू तिथं राहायलाही नको. खरंच छान असेल तर मी चार माणसांना जेवायला घालीन. नसेल तर बाबांशी मी बोलेन, लोकांचं मी बघेन, तू फक्त निघ. आणि काही ठरेपर्यंत एवढंच कर, माझा फोन आला की तोंड पुसू नकोस. जसा असशील तसा उचल.

तुझीच, तुझ्या उत्तराला घाबरणारी आणि तरी वाट बघणारी,
आई