दुधाचे डाग

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? मी बरी आहे. बराकीत पंखा आहे, दोन वेळ पोटाला मिळतं, आणि शेजारची बाई घोरण्यात तुझ्याही तोंडात मारेल अशी आहे. छातीवरचं भाजलेलं सुकत आलंय.

वकील काल येऊन गेले. म्हणाले, तू कागदावर सही करायला तयार आहेस. बहीण वेडी आहे, वेडाच्या भरात नवऱ्याला मारलं. कोर्टानं ते मानलं की तुरुंगाऐवजी दवाखाना. तुझा जीव तुटतोय हे कळतं मला. पण सही करण्याआधी हे वाच. तुला अर्धंच माहीत आहे, आणि त्या अर्ध्यातलं निम्मं तुझंच कर्तृत्व आहे.

लग्न ठरलं तेव्हा तू म्हणालास, "कानात आवाज येतात हे कळलं तर कोण पदरात घेईल? गोळ्या ताकदीच्या आहेत म्हणून सांग." मी मान डोलावली. गोळ्यांनी आवाज बंद होते, संसार चालला होता. मग गेल्या वर्षी डॉक्टरांनी गोळी बदलली. पाळी थांबली. आणि मूलबाळ नसताना माझ्या छातीतून दूध यायला लागलं. कुणाला सांगणार? आतून फडकी बांधून दुकानात उभी राहायचे.

आमच्या लाँड्रीत ह्यांना डागांचा केवढा गर्व होता, तू पाहिलंयस. "साहेब, हा चहा नाही, खोकल्याचं औषध आहे," असं लांबूनच सांगायचे आणि गिऱ्हाईक चाट पडायचं. त्या दिवशी धुण्यात माझा ब्लाऊज हाती लागला. दोन गोल, कडक डाग. बोटानं चोळले, नाकाला लावले. म्हणाले, "हे दूध आहे. बाईचं."

डाग बरोबर ओळखला होता, दादा. पुढचं सगळं चुकलं. पाळी नाही, दूध आहे, पोट नाही, आणि मध्ये मी तुझ्याकडे दोन महिने राहून आलेली. "कुणाचं होतं? कुठं टाकून आलीस?" इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. त्यानं माझे केस धरले आणि तोंड इस्त्रीच्या टेबलावर आपटलं. दात घशात गेला. गाठोड्यांवरून फरफटत नेलं, पोटात लाथा घातल्या. मी ओरडत होते, "गोळ्यांनी झालंय, दादाला विचारा!"

त्यानं विचारलं. फोन माझ्या कानाशी धरून विचारलं. आणि तू म्हणालास, "छे हो, कसल्या गोळ्या? ताकदीच्या असतील. आमच्या घरात कुणाला काही नाही." मी रडत होते ते तुला ऐकू येत होतं. तू फोन ठेवलास.

"डाग कसा काढायचा ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि तापलेली इस्त्री माझ्या छातीवर टेकवली. कापड जळलं, मग मी जळले. मी गुडघा हाणला, इस्त्री हिसकावली, त्याच्या कानशिलावर घातली. तो पडला.

वकिलांना मी इथवरच सांगितलंय. पडल्यावर तो जिवंत होता. उठता येत नव्हतं त्याला. हात वर करून "पाणी" म्हणाला. दार उघडं होतं, मी जाऊ शकत होते. गेले नाही. वाकले आणि दोन्ही हातांनी पुन्हा मारली. तो मेला तो त्या घावानं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते म्हणे, दूध यायचा हुकूम तीच सोडते. एरवी डोपामिन नावाचं रसायन तिला आवरून धरतं. माझी गोळी आवाज थांबवायला त्या डोपामिनलाच अडवायची, म्हणून ती ग्रंथी मोकाट सुटली. त्यांनी गोळी बदलली, काही आठवड्यांत दूध आटलं, परवा पाळी आली. एवढं साधं होतं रे. मी बाथरूममध्ये बसून ढसाढसा रडले.

तू म्हणशील, दुसरा घाव म्हणजे वेडच की. नाही. ज्या गोळीनं दूध आणलं तिनंच आवाज बंद ठेवले होते. त्या खोलीत मला "मार" असं कुणी म्हटलं नाही. मला मारायचं होतं. मला राग आला होता, कुठल्याही शहाण्या माणसाला येतो तसा, आणि तो मरावा असं वाटत होतं.

आजार होता तेव्हा तू तो लपवलास. आता त्याचा संबंध नाही, तर तो माझ्या गळ्यात बांधू नकोस. कोर्टात ये. गोळ्या कशाच्या होत्या ते सांग, फोनवर काय बोललास तेही सांग. लोकांपुढे मान खाली जाईल, जाऊ दे. पहिला घाव मी का घातला ते तरी त्यांना कळेल. दुसऱ्याचं मी सांगेन, आणि जे भोगायचं ते भोगेन.

आणि सहीच केलीस, तर मला भेटायला येऊ नकोस. मी तुला ओळख दाखवणार नाही, आणि सगळे म्हणतील, बघा, सख्ख्या भावालाही ओळखत नाही.

पूर्ण शुद्धीत,
तुझी धाकटी