आक्काने कल्याणला जावे काय: फेरी दुसरी

॥ श्री ॥

देवरूख, वरची वाडी
ता. ८ जानेवारी २०२६

ती. गंगाआक्का हिस,
धाकट्या काशीरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत. रायवळ आंब्याला मोहर बरा आहे, कलमांनी मात्र यंदा तोंड वाकडं केलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं की मला खोकला येतो, तेव्हा आपलं पत्रच बरं.

नवीन बातमी अशी की या वयात मी वादविवादाला उभा राहिलोय. आपल्या ईशाने कॉलेजातून जिल्ह्याच्या स्पर्धेला नाव दिलंय. फेब्रुवारीच्या शेवटाला रत्नागिरीत आहे. सराव मोबाईलवर करायचा. तिथे परीक्षक म्हणून माणूस नसतो, एआय का काय म्हणतात ते असतं. दोघांनी दोन बाजूंनी बोलायचं, तो ऐकून घेतो आणि गुण देतो. चहा मागत नाही, जांभई देत नाही, मधे उठून जात नाही. एक बाजू नातीची. दुसरी मांडायला घरात रिकामा माणूस मी. शाळा चौथीपर्यंतची, पुढचं शिक्षण गवंडीकामात जांभ्याचे चिरे बसवता बसवता रद्दीतल्या पेपरांवर झालेलं. तरी म्हटलं, बघू.

पहिला विषय होता, खेड्यात मोबाईल हे वरदान आहे. वरदानाची बाजू मला आली. आता मला उभं राहून बोलायची एकच रीत ठाऊक. शिमग्याला देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गेली तीस वर्षं मी गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, ती. मी टोपी घातली, मोबाईलला हात जोडले आणि बारा वाड्यांच्या वतीने एकेक मुद्दा त्याच्या पायाशी ठेवला. गाऱ्हाणं म्हटल्यावर त्या पोरीच्या तोंडून दुसरं काय येणार. माझं वाक्य संपलं की ती सवयीने, सहाणेवर सगळा गाव म्हणतो तसं, होय महाराजा म्हणे. चुलीपाशी भाकऱ्या थापत होती ती सूनबाईही म्हणे. शेवटी परीक्षकाने निकाल दिला की प्रतिपक्षाने अकराच्या अकरा मुद्दे बिनशर्त मान्य केले आहेत, सभागृहाचाही पाठिंबा दिसतो, सबब वाद शिल्लक नाही. मला दहापैकी दहा. दुसऱ्या दिवशी ईशा तोंडाला रुमाल बांधून बसली, तर तो म्हणाला की प्रतिपक्ष निरुत्तर झाला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आता कामाचं. तुझ्या नितेशचा फोन आला होता. तुला कल्याणला आपल्या घरी कायमची न्यावी असं त्याच्या मनात आहे. तुला विचारलं की तू विषय कोंबड्यांवर नेतेस, म्हणून त्याने माझ्यावर सोपवलंय. मामा हो म्हणाला तर शिमग्याआधी गाडी घेऊन येतो, नाही म्हणाला तर पुन्हा विषय काढणार नाही, असं म्हणाला. मी विचार करून सांगतो म्हटलंय. मला विचारशील तर तू जावंस. वय आहे, एकटी आहेस, लेक बोलावतोय. दुसरं काय पाहिजे?

लोभ आहेच. त्यात थोडा राग मिसळून पत्र पाठवशील, तेही चालेल.

तुझा
काशीराम


॥ श्री ॥

मंडणगड, खालची वाडी
ता. १६ जानेवारी २०२६

चि. काशीराम यास,
गंगाआक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर शेजारच्या दर्शनाचं आहे. माझा चष्मा मोडलाय, त्याची चौकशी नको. पोरगी सांगते तसं लिहिते, मधे मधे हसते, तेवढं सोडून दे.

मेल्या, तुला मोबाईलपुढे टोपी घालून उभं राहायला लाज वाटली नाही ती नाहीच, वर मला गावातून उठवायला निघालास. गेल्या वर्षी अठरा दिवस राहून आले मी कल्याणला. नितेश चांगला, सून त्याहून चांगली. पण सातवा मजला. सकाळी दोघं कामावर गेली की दार बंद. समोरच्यांचंही बंद. एकदा मी जिन्यात बसून शेंगा सोलल्या, तर वॉचमन वर आला आणि आजी हरवलात काय, असं विचारू लागला. त्यांच्याकडे सगळ्याला बटण. बटण दाबून वर जायचं, बटण दाबून खाली यायचं, आणि खाली येऊन करायचं काय, तर परत वर जायचं.

इथे माझ्या अकरा कोंबड्या आहेत. त्यांतल्या सात अंड्यावर आहेत. विहिरीला पाणी आहे. कुळीथ झालेत. माझ्यावाचून इथे अडतं. तिकडे काय अडणार? माणसाने जिथे आपल्यावाचून अडतं तिथे राहावं, एवढं साधं तुला कळत नाही आणि तुला दहापैकी दहा.

तुझा तो परीक्षक एवढा शहाणा असेल तर ठेव हे पत्र त्याच्यापुढे. तुझंही ठेव. बघू काय म्हणतो.

सूनबाईला आणि ईशाला आशीर्वाद. माया कमी करू नकोस. अक्कल मात्र थोडी वाढव.

तुझी
आक्का


॥ श्री ॥

देवरूख, वरची वाडी
ता. २३ जानेवारी २०२६

ती. आक्का हिस,
काशीरामचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. ईशाने विषय घातला, आक्काने कल्याणला जावे. जावे ही बाजू माझी, जाऊ नये ही तुझी. तुझं पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत तिने टाईप केलं. मी म्हटलं होतं की मेल्या तेवढं गाळ, पण ती म्हणाली वक्त्याचे शब्द बदलता येत नाहीत.

निकाल आला तो असा. तू प्रतिपक्षाला आशीर्वाद देऊन सुरुवात केलीस, हे सौजन्य त्याला फार आवडलं, त्याचा एक गुण जास्त. पण लगेच पुढे प्रतिपक्ष मृत असल्याचा दावा केलास आणि त्याला आधार दिला नाहीस, म्हणून तो गुण परत घेतला. कोंबड्यांची आकडेवारी कोणत्या संस्थेची आहे ते नमूद नाही, असा शेरा आहे. शेंगांचा प्रसंग रोचक आहे, परंतु एका वॉचमनवरून सर्व वॉचमनांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. चष्म्याचा उल्लेख करून चौकशी नाकारली, हे पारदर्शक नाही. एकूण दहापैकी चार. मला सात. माझ्या पत्रात मुद्दे तीनच होते, वय, एकटेपण आणि लेक, पण ते क्रमाने होते म्हणे.

जिंकलो तर खरा. पण आक्का, खोटं कशाला बोलू, नंतरचा चहा काही गोड लागला नाही. नितेशला फोन करायला उठलो आणि परत बसलो.

तेवढ्यात ईशाने सांगितलं की निकाल अजून पुरता झालेला नाही. सरावाचा नियम आहे, दुसऱ्या फेरीत बाजू बदलायच्या. आता तू जावे म्हणून लिहायचं आणि मी जाऊ नये म्हणून. दोन्हींची बेरीज होईल ती खरी. मला हे बरं वाटलं. दुसरी फेरी होईपर्यंत नितेशला थांबायला सांगितलंय. तो म्हणाला, कसली फेरी? मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

तर तू आता मनापासून जाण्याच्या बाजूने लिही. चिडून वाईट लिहून हरायचं नाही, ईशा म्हणते त्यालाही गुण कापतात.

या वेळी आशीर्वाद दोनदा घातलेस तरी चालेल.

तुझा
काशीराम


॥ श्री ॥

मंडणगड, खालची वाडी
ता. ३० जानेवारी २०२६

चि. काशीराम यास,
अनेक आशीर्वाद. परीक्षकालाही अनेक आशीर्वाद. तोही कोणाचा तरी असेलच.

बाजू बदलून बोलायचं हा काय नियम झाला. आपल्या आईने असं केलं असतं तर आपण दोघं उपाशी मेलो असतो. पण खेळायचं म्हटलं की मी मागे हटणारी नाही. तर गंगाआक्काने कल्याणला जावे. मुद्दे क्रमाने घेते.

मुद्दा पहिला. नितेश गुणी आहे. मी गेले होते तेव्हा रोज संध्याकाळी येताना माझ्यासाठी केळी आणायचा. मला केळी आवडत नाहीत, हे त्याला अजून माहीत नाही. जवळ राहिले तर कधीतरी कळेल.

मुद्दा दुसरा. तिकडे न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी आहे. मी हसले होते त्याला. बसमध्ये आहोत काय म्हटलं होतं.

मुद्दा तिसरा. नाताळच्या सुट्टीत दर्शना आजोळी गेलेली. मी परसात न्हाणीच्या दारात पडले. सकाळी दहाला पडले ती दुपारी चारला दर्शनाची आई ताक मागायला आली तोवर तशीच. आधी नितेशला हाका मारल्या. मग त्याच्या वडलांना मारल्या. ते वारले हे आठवल्यावर तुला मारल्या. घसा बसल्यावर कोंबड्यांना बोलावलं. त्या मात्र लगेच आल्या, अकराच्या अकरा, आणि भोवती उभ्या राहिल्या. पण कोंबडी माणसाला उचलत नाही. चष्मा तेव्हाच मोडला. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून अक्षर दर्शनाचं. या आकडेवारीची संस्था मीच. सहा तास, एक बाई, अकरा कोंबड्या. लिहून घे म्हणावं.

दर्शना आता हसत नाहीये. तिला मी सांगितलं की हे सगळं बाजू मांडायची म्हणून आहे. तूही तसंच समज. नितेशला कळता कामा नये, तो नोकरी टाकून धावत येईल. तुला सांगायचं म्हणून मी लिहिलेलं नाही. परीक्षकाला लिहिलंय.

आता तू जाऊ नये म्हणून लिही. नीट लिही. मला वाचायचंय.

तुझी
आक्का


॥ श्री ॥

देवरूख
४ फेब्रुवारी २०२६

ती. आक्काआजीस,
ईशाचा सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा आजोबा तुझ्या पडवीत बसलेले असतील. तरीही लिहितेय, कारण निकाल कळवायचं काम माझं आहे.

काल दुपारी तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पहिल्या मुद्द्याला ते हसले. दुसऱ्यालाही थोडे हसले. तिसरा संपल्यावर मी विचारलं की आता तुमची बाजू सांगा, मी टाईप करते. ते उठून खुंटी चाचपू लागले. नंतर त्यांनी आईला विचारलं की आपली कापडी पिशवी कुठे आहे. आई म्हणाली, जेवून तरी घ्या. जेवले, पण आमटी वाढायच्या आधीच हात धुतला. आज पहाटेच्या पहिल्या गाडीने गेले. पायात एक चप्पल स्वतःची आणि एक बाबांची. बाबा कामावर जाताना ते कळलं. आता बाबाही तसेच गेलेत.

आजी, तुझा तिसरा मुद्दा मी टाईप केला नाही. त्याला द्यावासा वाटला नाही. केळी आणि दांडी एवढंच दिलं. परीक्षकाने पाच वेळा विचारलं की प्रतिपक्ष तयार आहे का. मी थांब म्हणत राहिले. शेवटी त्याने जाहीर केलं की प्रतिपक्षाने मैदान सोडलं आहे, सबब ही फेरी श्रीमती गंगाबाई यांची, दहा विरुद्ध शून्य. म्हणजे दोन्ही फेऱ्यांत जाण्याचीच बाजू जिंकली. पण ज्यांनी नितेशकाकाला ते सांगायचं, ते तर तुझ्याकडे.

नितेशकाकाला मी काही बोललेले नाही. तू मात्र बोल.

हाताला सांभाळ. माझ्या वाटणीची माया आजोबांकडे देऊन ठेव, पण ते चिपळूणला गाडी बदलताना विसरतील.

तुझी
ईशा


॥ श्री ॥

मंडणगड, खालची वाडी
ता. ११ फेब्रुवारी २०२६

चि. ईशा हिस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं आक्काला आलेलं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. दहा विरुद्ध शून्य ऐकून ती म्हणाली की इतका मोठा विजय आपल्या माहेरी कोणाला मिळाला नव्हता. चपलेचं मात्र मला तेव्हाच कळलं. इतके दिवस वाटत होतं की म्हातारपणी एक पाय मोठा झाला.

मी पोचलो तेव्हा ती डाव्या हाताने दारापुढचं खळं झाडत होती. मला बघून म्हणाली की पत्राने काम झालं असतं, टपालाला पाच रुपये पडतात आणि एसटीला किती. मी झाडू काढून घेतला. मला झाडता येत नाही हे तिने शेजारच्या तीन घरांना बोलावून दाखवलं.

नितेशला मी कळवलं. आक्का रागावली, पण फार नाही. शनिवारी रात्री निघाला आणि रविवारी सकाळी दारात हजर. तिचा हात बघून तो ओट्यावरच बसला. मग आम्ही तिला गाडीतून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. खांद्याच्या हाडाला बारीक चीर आहे, हात झोळीत बांधलाय. येताना नितेशने केळी घेतली. आक्काने मुकाट्याने एक खाल्लं. तिचा तो मुद्दा मी गाडीत फोडणार होतो, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की गप्प बसलो.

घरी आल्यावर नितेशने मला विचारलं, मामा, मग काय ठरलं? पोरी, इतके दिवस मी त्याला फेऱ्या सांगत होतो. आता त्याच्या तोंडाकडे बघून खरं सांगितलं की मला ठरवता येत नव्हतं म्हणून मी मोबाईलच्या आड लपलो होतो. त्यावर तो म्हणाला की आईला विचारायचा धीर नव्हता म्हणून तो माझ्या आड लपला होता. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती शेजारी बसून कुळीथ निवडत होती आणि तिला आमचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

तेव्हा मला जे पहिल्या पत्रात विचारायला हवं होतं ते विचारायला उठलो. लेकाकडे जावं की गावात राहावं, याच दोन बाजू मी धरून बसलो होतो. माझ्या घरी ये, हे माझ्या तोंडून आलंच नाही. तुझी आजी गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे. पण मला वाटायचं, लेक असताना भावाने बोलवावं हा तिचा अपमान. असं गोड बोलून विचारायचं म्हणजे हळू आवाजात विचारायला हवं. ती सोय आक्काकडे नाही. मला तिच्या कानाशी जाऊन ओरडावं लागलं, की आक्का, माझ्याकडे राहायला येशील काय. वाडीभर कळलं. दर्शनाच्या आईने पलीकडच्या परसातून आधी उत्तर दिलं, चांगलं होईल म्हणून. वरच्या घरातून कोणीतरी विचारलं, कधी?

आक्काने निवडणं चालूच ठेवलं. कुळीथ निवडून झाले, सूप भिंतीला टेकवलं आणि म्हणाली की लोक म्हणतील लेक असून भावाच्या दारात पडली. नितेश म्हणाला, लोकांना मी सांगेन. मी म्हटलं, महिन्यातून दोनदा तो देवरूखला येईल, केळी घेऊन. त्यावर ती आत गेली आणि एका हाताने जेवणाच्या तयारीला लागली. रात्री पुन्हा विषय निघाला नाही. नितेश सोमवारी कामावर परतला. मी तिचा हात सुटेपर्यंत इथेच आहे.

यातलं काहीही त्या परीक्षकाला दाखवू नकोस. त्याने चांगलंच काम केलं, पण त्याचा यात संबंध नाही.

तुझ्या स्पर्धेला मनापासून आशीर्वाद. आईबाबांना वेगळे आशीर्वाद सांगायची गरज नाही, फक्त बाबांना त्यांची चप्पल सुखरूप आहे असं सांग.

तुझा
आजोबा

ता. क. पत्र बंद करणार तोच आक्का येऊन बसली. देवरूखच्या आपल्या घराला पायऱ्या किती, असं तिने विचारलं. मी बोटांनी सात दाखवल्या. सात म्हणजे एकेक पायरी उंच झाली, म्हणाली, अकरा कर. तेव्हा बाबांना सांगून चांगले घट्ट चिरे खळ्यात उतरवून घे. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको. मी येऊन बसवतो.