ओकची फळी

दुबई, ऑक्टोबर १९६७

प्रिय बदरुद्दीन,

अस्सलामु अलैकुम. इद्रीस नाखव्याबरोबर पाठवलेला तुझा निरोप पोचला. मी आता घरी यावे, जुम्म्याच्या नमाजनंतर, ज्याच्या पायऱ्या चढून तू खुतब्याचे प्रवचन देतोस त्या मिंबराच्या पायथ्याशी उभे राहून जमातीची माफी मागावी, म्हणजे मला परत जमातीत घेतले जाईल, असे तू म्हणतोस. वाचून बरे वाटले. इतक्या वर्षांत भावाने आठवण काढली, हेही थोडे नाही.

इद्रीसने गावच्या इतरही गोष्टी सांगितल्या. वाळवीने पोखरलेले जुने मिंबर काढून तू नवे केलेस. दुबईतल्या कोणा भाविकाने नाव न सांगता त्यासाठी लाकूड धाडले, तेव्हा तू साऱ्या जमातीला हात उचलायला लावून त्याच्यासाठी दुवा मागितलीस. पावसाळ्यात त्या लाकडाला काहीसा आंबूस, गोडसर वास सुटला आणि मागच्या सफातली, शेवटच्या रांगेतली मुले नाक दाबून हसली, तर तू खुतबा थांबवून ओरडलास, "गाढवांनो, खुशबू आहे ही! परदेशी लाकूड आहे, तुमच्या आजाने तरी हुंगले होते का?" इद्रीस तुझी नक्कल फार छान करतो. मीसुद्धा हसलो.

पण माफी मागायची तर कशाची, हे नीट कळायला हवे. ती इमारत तू पाहिली नाहीस. न पाहताच तिच्यावर खुतबा दिलास. म्हणून सांगतो.

विलायतेत आमच्या कंपनीच्या साहेबाच्या गावात रस्त्यासाठी एक जुना गुत्ता पाडणार होते. ते त्याला पब म्हणतात. साहेबाने त्याचे सगळे लाकूड विकत घेतले आणि जहाजात घालून इथे खाडीवर उतरवले. ते घर इथे पुन्हा जसेच्या तसे उभारायचे काम आम्हा सुतारांकडे आले. ओकचे लाकूड, वयाने काळे पडलेले, लोखंडासारखे टणक. प्रत्येक जोडावर कुणा मेलेल्या सुताराने पटाशीने रेघा पाडलेल्या. सारख्या रेघांची दोन टोके शोधायची, एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि वरून लाकडाची खुंटी ठोकायची. सबंध घरात एक खिळा नाही. कोपऱ्यांतले आधार वाकडे, मुद्दाम वाकड्या फांद्यांतून काढलेले, आपण गलबताच्या फासळ्यांसाठी शोधतो तसे. आपला भाचा अन्वर ते सरळ करायला रंधा घेऊन बसला, तर साहेब धावत आला, "टेढा है तो टेढा रखो, उल्लू!" खांबांच्या मधल्या भिंती काठ्या विणून वर चिखल थापलेल्या, अगदी आपल्या कुडासारख्या. इथे तसल्या काठ्या नाहीत, म्हणून आम्ही खजुराच्या झावळ्यांचे दांडे विणले. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. दार इतके बुटके की साहेब लोकांनाही मान वाकवून आत जावे लागे.

आत एक अख्खी फळी होती, एका झाडाची. तिच्यावर पेले ठेवत. पिढ्यान्‌पिढ्या दारू सांडून ती तुपात मुरल्यासारखी झाली होती. साहेब तिच्यावरून हात फिरवायचा आणि डोळे पुसायचा. त्याचा आजा रोज तिच्यावर एकाच जागी कोपर टेकून बसे, तिथे खळगा पडला होता. मला आपल्या मशिदीतली ती फरशी आठवली, जिथे बाबांच्या गुडघ्यांची जागा झिजली आहे.

प्रत्येक खुंटी ठोकताना मी सवयीने बिस्मिल्ला म्हणे. अन्वर चिडवायचा, "मामू, गुत्त्याला बिस्मिल्ला?" मी म्हणायचो, "गुत्त्याला नाही रे, खुंटीला." सुट्टीवर घरी जाऊन त्याने हेच हसत हसत सांगितले आणि ते तुझ्या कानी गेले. मग तू मिंबरावरून म्हणालास की ज्या हातांनी ते घर उभे केले ते हात आणि त्या घराचे एकेक लाकूड कयामतपर्यंत नापाक आहे, आणि मला जमातीबाहेर काढलेस. तुझे शब्द मला पाठ आहेत. कुबराने ते लिहून कळवले होते. माझी मुलगी शब्द गाळत नाही.

हव्वाबी गेली तेव्हाचेही तिनेच कळवले. मय्यत न्यायचा मशिदीतला डोला तू कुलपात ठेवलास. कुबरा दारात रडत उभी राहिली, तर तू म्हणालास, "बापाला सांग, गुत्त्यातून पाठव एखादा." शेवटी शेजारच्या कोळ्यांनी आमच्या घराचे दार बिजागऱ्यांतून काढले आणि माझ्या बायकोला दारावर घालून कब्रस्तानात नेले. तू खिडकीत तसबीहचे मणी ओढत होतास. तो डोला मी केलेला आहे, बदरुद्दीन. जवानीत, किंजळीच्या लाकडाचा, एक खिळा न वापरता. माझे काम तुम्हाला चालत होते.

आता माझ्या छातीत लाकडाचा भुसा साठला आहे. इथल्या डॉक्टरने हात टेकले. हव्वाबीच्या शेजारी जागा मिळावी आणि त्या डोल्यातून जावे, एवढीच इच्छा उरली आहे. म्हणून मी येतो आहे. इद्रीसचे गलबत या टपालामागोमागच निघेल.

तो गुत्ताही आता नाही. साहेब गेला, नव्याला सिमेंट आणि थंड हवेचे यंत्र हवे होते. "खलास," म्हणाला, आणि सगळे पाडले. तुळया भटारखान्यांत जळल्या. माझ्या हाती एकच वस्तू लागली. धर्माचे नियम सांगणाऱ्या इथल्या मुतव्वाला विचारले, तो हसून म्हणाला, "धुऊन घे, लाकूड पाक होते." मी ती खाडीत बुडवून ठेवली, नमाजआधी करतो तसे हातपाय धुऊन, वुजू करून वरवर रंधा फिरवला, आणि इद्रीसच्या गलबतात चढवली. नाव सांगू नकोस, मिंबरासाठी आहे म्हण, असे त्याला बजावले. माझ्यापुरती ती पाक झाली. तुझा निवाडा वेगळा होता.

मी पायथ्याशी उभा राहीन आणि माफी मागीन. कशाची, असे जमातीने विचारले तर त्या घराचे एकेक लाकूड कुठे गेले ते सांगीन. किंवा तू त्या जुम्म्याच्या आदल्या दिवशी डोल्याच्या खोलीची किल्ली कुबराच्या हातात दे. मग मी तोंड उघडणार नाही, आणि तू दर शुक्रवारी वर उभा राहून खुशबू आहे असे सांगत राहा. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर अनवाणी तर तू चढतोसच. वरच्या पायरीवर उजव्या टाचेखाली एक खळगा लागेल. तो साहेबाच्या आजाच्या कोपराचा आहे.

तुझाच भाऊ,
हमदुल्ला