बाईंचे शेरे आणि माझी उत्तरं

१ ऑगस्ट
आजपासून ही रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. निळ्या शाईने लिहायचं, खाडाखोड करायची नाही, शब्दाची शंका आली तर कोश बघूनच पुढे जायचं.

निमित्त टिल्लूचं. माझी मुलगी, वय वर्षं सात. व्हायोलिनचा क्लास लावून दोन महिने झाले. क्लासची पद्धत अशी, की प्रत्येक मुलाला एक सरावाची वही. दर शनिवारी बाई तीत शेरा लिहितात आणि पालकांनी वाचून खाली सही करायची. आजचा शेरा: "मुलगी गुणी आहे. आजपासून तिला माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ बसवले आहे."

क्लासमध्ये बारा मुलं आहेत. उजव्या हाताला एकच. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, का बसवलंय ते लिहिलंय का. म्हटलं, अशा गोष्टी लिहायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात.

२ ऑगस्ट
बाकीचे पालक नुसती सही खरडतात. मी सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं. "आदरणीय बाई, सविनय नमस्कार. आपला अभिप्राय वाचून आम्हा उभयतांस धन्यता वाटली." तीन कच्चे मसुदे, मग पक्का.

दुकानात बसून लिहिलं. मी पाट्या रंगवतो. मालकांनी खांद्यावरून वाकून बघितलं आणि विचारलं, काय रे, कुणाची सोयरीक जुळवतोयस का. दुर्लक्ष केलं. शाळा नववीत सुटली, पण माझ्या हातून गेलेल्या एकाही पाटीत आजवर ऱ्हस्वदीर्घाची चूक निघालेली नाही. हे मालकही मान्य करतात.

८ ऑगस्ट
शेरा: "हाक मारल्यावर कधी कधी लक्ष नसते. घरीही असे होते का, कृपया कळवावे."

घरीही होतं. काल जेवायला तीन हाका मारल्या, ढिम्म हलली नाही. चौथ्या वेळी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकली. याला एकाग्रता म्हणतात. कळवलं: "होय, घरीही ती अशीच तल्लीन असते. आपल्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल ऋणी आहोत."

१८ ऑगस्ट
हिने टिल्लूच्या उशीचा अभ्रा दाखवला. पिवळट डाग. म्हटलं, तेलाचा आहे. ही म्हणाली, तेलाला असा वास येतो का, हुंगून बघा. हुंगला नाही. ही म्हणते कानातून येतंय, डॉक्टरला दाखवू.

मी शांतपणे समजावलं. ज्या बाईंना तारेतला केसभर फरक कळतो, त्या आठवड्याला दोन तास टिल्लूला शेजारी घेऊन बसतात. काही बिनसलं असतं तर त्यांनी वहीत लिहिलं नसतं का? हिला पटलं. निदान गप्प बसली. शिवणाच्या कारखान्यात तिला सुट्टी सहज मिळत नाही, त्याचाही भाग असेल.

संकल्प: तेल बदलणे.

२९ ऑगस्ट
शेरा: "सवडीने एकदा समक्ष भेटावे. पाच मिनिटे पुरतील."

डिसेंबरात क्लासचा कार्यक्रम असतो. टिल्लूला एकटीला वाजवायला देणार, दुसरं काय असणार. पुढच्या शनिवारी नक्की जायचं. बोलायचे मुद्दे एका कागदावर काढले. सात झाले.

५ सप्टेंबर
गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावर क्लास. बाहेर चपलांचा रॅक, दार अर्धं उघडं. आत एक गृहस्थ बाईंशी बोलत होते, बूट चकचकीत, अर्धं बोलणं इंग्रजीतून. त्यांच्या मुलाच्या पोश्चरबद्दल. बाई मान हलवत होत्या. माझ्या नखांत ऑइलपेंट होता, सकाळी घासूनही राहिलेला. समोरासमोर बोलायचं म्हटलं की माझं वाक्य मध्येच कुठेतरी अडतं. मग समोरचा विचारतो, शिक्षण किती. कागद असं काही विचारत नाही.

खाली येऊन फाटकाशी थांबलो. क्लास सुटला, टिल्लू उड्या मारत आली. एक टेंपो रिव्हर्स घेत होता, हॉर्न सतत चालू. मी हाक मारली, मोठ्याने मारली. चौकीदाराने तिचा दंड धरून बाजूला ओढलं. व्हायोलिनची पेटी चाकाला घासून गेली.

चौकीदार म्हणाला, अहो, पोरीला ऐकायला येत नाही काय. मला असली भाषा आवडत नाही. तिच्या मनात सूर चालू असणार. पेटीवर चरा पडला होता, तो दुकानात काळ्या रंगाने बुजवला. दिसत नाही. हिला सांगितलं नाही, उगाच घाबरते.

६ सप्टेंबर
बाईंना पत्र: "कामाच्या व्यापामुळे समक्ष येणे शक्य झाले नाही, याबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहे." मनःपूर्वकमधला विसर्ग कितीजण देतात?

१९ सप्टेंबर
शेरा: "आपले पत्र फार सुंदर. भेटणे जमेल तेव्हा जमवावे. घाई नाही, पण फार उशीरही नको."

हिला पहिलं वाक्य वाचून दाखवलं. तिने विचारलं, आणखी काय लिहिलंय. म्हटलं, भेटायला बोलावतायत, कार्यक्रमासंबंधी. ती म्हणाली, मग जा की, तोंडाला काय कुलूप लागलंय. जाणार आहेच. आजपासून वही माझ्या बॅगेत ठेवतो. घरात तिच्यावर डाग पडतात.

१० ऑक्टोबर
टिल्लूच्या गळ्यावर लाल वळ. व्हायोलिन हनुवटीखाली इतकं घट्ट दाबते की दात आवळलेले दिसतात. शेरा: "हनुवटी फार दाबते. का, ते तिने मला सांगितले. आपणही विचारावे ही विनंती."

विचारलं. दोनदा विचारावं लागलं. म्हणाली, बाबा, असं केलं की आवाज आत येतो. नाहीतर तो बाहेरच राहतो.

सात वर्षांची पोर. मी जेवण टाकून उठलो आणि हे वाक्य लिहून घेतलं. मोठे मोठे कलावंत असलं काही बोलायला साठी उलटवतात. बाईंना जसंच्या तसं कळवलं, खाली लिहिलं: "यावर आणखी काय बोलावे?"

१७ ऑक्टोबर
शेरा: "आपण विचारलेत, आभारी आहे. आता तरी भेटावे."

'तरी' खटकलं. लिहिताना घाईत असतील.

संकल्प: पुढच्या शनिवारी नक्की. नखं आदल्या दिवशी टर्पेंटाइनने.

२४ ऑक्टोबर
एका वकिलाची पाटी अर्जंट आली. जाता आलं नाही. मालक म्हणाले होते उद्या दिली तरी चालेल, पण मी काम अर्धवट टाकणारा नाही.

२ नोव्हेंबर
शाळेत टिल्लूला शुद्धलेखनात दहापैकी शून्य. माझ्या मुलीला. वर्गशिक्षिकेने तिला शेवटच्या बाकावर पाठवलंय, कारण ती शेजारणीच्या वहीत बघते.

संध्याकाळी ७
मी स्वतः शुद्धलेखन घातलं. समोर बसून वीस शब्द सांगितले. एकोणीस बरोबर, तेही जोडाक्षरं. शाळेचाच दोष. मग खडू घ्यायला फळीकडे वळलो आणि पाठमोरा असतानाच एकविसावा शब्द सांगितला. परत वळलो तेव्हा पेन्सिल तशीच हातात. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. वाट बघत होती.

दमली असेल. पुन्हा घातलं नाही.

७ नोव्हेंबर
शेरा: "यंदाच्या कार्यक्रमात तिला घेता येणार नाही, क्षमस्व. कारण कागदावर लिहिण्यासारखे नाही. आपण किंवा तिच्या आईने कृपया येऊन भेटावे. कृपया."

तीनदा वाचला. आता सगळा उलगडा झाला. तो बुटांचा माणूस. त्याच्या पोराला पुढे आणायचं म्हणून टिल्लूला मागे. कारण कागदावर लिहिण्यासारखं नाही, ते खरंच आहे. हिला अजून सांगितलं नाही. आधी माझं पत्र जाऊ दे.

११ नोव्हेंबर
निषेधाचं पत्र चालू. निषेध कळला पाहिजे, पण कुठे शब्द लागता कामा नये. पहिला मसुदा फार मऊ. दुसरा फार कडक. टिल्लूला परवापासून बारीक ताप आहे. डावा कानही खाजवते. थंडीचे दिवस आहेत.

१९ नोव्हेंबर
चौथा मसुदा. "गुणांची कदर व्हावी, एवढीच आमची नम्र अपेक्षा." मालकांना दाखवला. वाचून म्हणाले, झकास आहे रे, पण तुला हवंय काय ते कुठे लिहिलंयस. मालकांना गद्याची जाण नाही.

आज घरी टिल्लूने टीव्हीला गाल लावून कार्यक्रम बघितला. ही तिच्याकडे बघत बसली होती, टीव्हीकडे नाही.

२८ नोव्हेंबर
पत्र दिलं. टिल्लूबरोबरच पाठवलं, वहीत घालून. वही परत आली तेव्हा शेऱ्याची जागा कोरी. नुसती तारीख घातलेली. मी निरुत्तर केलं बहुतेक.

५ डिसेंबर
शेरा: "माझे चुकले असेल तर माफ करा. उद्या सकाळी मी वाट बघते."

माफी मागितली, विषय संपला. झालेला विषय आता समोर जाऊन पुन्हा कशाला उकरायचा? माणसाने जिंकल्यावर मोठं मन दाखवावं. जाणार नाही.

८ डिसेंबर
हिने डबा घासायला काढायला माझी बॅग उघडली आणि वही वाचली. पहिल्या पानापासून. ओट्याशी उभी राहून, एका दमात, माझी उत्तरंसुद्धा. मी बाहेर मोज्यांची जोडी शोधत होतो.

मला वाटलं चिडेल. चिडली नाही. तिने विचारलं, टेंपोचं काय होतं. ते मी वहीत लिहिलं नव्हतं, बाईंना चौकीदाराने सांगितलं असणार आणि बाईंनी कधीतरी समासात पेन्सिलने लिहिलं होतं: "फाटकाजवळच्या टेंपोच्या प्रसंगानंतर काळजी वाटते." ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. समास मी वाचत नाही.

९ डिसेंबर
हिने सुट्टी टाकली. आम्ही तिघं कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी नळीतून बघितलं, मग टिल्लूला काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. ऐकू आलं की बटण दाबायचं. ती किती तरी वेळ बोट बटणावर ठेवून बसली होती. शहाण्यासारखी.

डॉक्टर म्हणाले, उजव्या कानात आत पू साठून साठून नाजूक हाडं खाल्ली गेली आहेत. डावाही धरला गेलाय, त्यानेही कमीच ऐकू येतंय, तो वाचेल, पण लगेच हालचाल करायला हवी. पू कधीपासून येतोय? मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही. ही म्हणाली, अठरा ऑगस्ट.

तारीख तिला पाठ होती.

१२ डिसेंबर
बाई घरी आल्या. हिने बोलावलं होतं. पहिल्यांदाच समोरासमोर. माझ्याहून लहान निघाल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, पहिल्या महिन्यातच शंका आली होती, म्हणून तर त्यातल्या त्यात चांगला कान माझ्याकडे येईल असं बसवलं. पण तुमची पत्रं इतकी भारदस्त. मला वाटलं तुम्ही प्राध्यापक असाल. एवढ्या शिकलेल्या माणसाला, तुमच्या मुलीला ऐकू येत नाही हे मी काय सांगणार, त्यांना ठाऊकच असेल, त्यांना ते उघड नको असेल. शेरा लिहायच्या आधी मी कच्चा लिहून बघायचे, म्हणाल्या. चूक राहायला नको तुमच्यापुढे.

खोटं कशाला लिहू. क्षणभर बरं वाटलं.

ही चहा घेऊन आत येत होती. कप खाली ठेवत म्हणाली, म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून फार छान लिहिलंत. बाई रडायला लागल्या. मी त्यांना चहा घ्या म्हटलं. टिल्लू एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती.

१६ डिसेंबर, सकाळी ८
हॉस्पिटल. टिल्लूला आत न्यायच्या आधी फॉर्म दिला. चार पानं बारीक अक्षरात. शेवटी छापलेलं: "वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो मला समजला आहे." संपूर्ण वाचला. शस्त्रक्रियेतला 'क्रि' दोन ठिकाणी दीर्घ पडलाय. तिसऱ्या पानापासून पुढे काहीच कळलं नाही. नर्सने विचारलं, काही शंका? आज विचारायचं असं ठरवून आलो होतो. मागे दोन माणसं उभी होती, एकाच्या हातात इंग्रजी पेपर. म्हटलं, काही नाही, सगळं स्पष्ट आहे. सही केली.

हिने नर्सकडून पानं परत मागून घेतली. म्हणाली, यांना सगळं समजतं, मला समजत नाही, मला सांगा. नर्सने सांगितलं. साध्या भाषेत, बोट ठेवून, दोन-तीन मिनिटं लागली असतील. मागचे दोघंही थांबले.

हे ऑपरेशन पू पुढे सरकू नये म्हणून आहे. उजव्या कानाने परत ऐकू येईल असं त्यात कुठेच नाही.

मी टिल्लूला काल सांगितलं आहे, येईल म्हणून. समोर बसून, सावकाश, तिला नीट कळेल असं.