फिल्टरवाल्याचा आमांश

सोमवार, ८ जुलै, सकाळी
पोटात मुरडा. चहा होईपर्यंत खेपांचा हिशेब सुटला. कारण उघड आहे: काल मेहुण्याकडे जेवलो. त्याच्याकडे आमच्या कंपनीचा फिल्टर नाही. ही म्हणाली, तिथे तर आपण तिघंही जेवलो, मला आणि मुलीला काही झालं नाही. बायकांचं पोट वेगळं असतं. निश्चय: आज लंघन.

दुपारी
लंघनाने अशक्तपणा येतो. थोडं खाल्लं. मग पळालो.

मंगळवार, ९ जुलै
आता आव आणि रक्त. ही म्हणते आमांश आहे, डॉक्टरकडे चला. कशाला? मोबाइलवर सगळं वाचलं. आमांश म्हणजे आतड्याचा संसर्ग. प्रकार दोन. जिवाणूंचा एकदम येतो, ताप, कळा. अमीबाचा हळूहळू येतो आणि रेंगाळतो. दोन्ही घाण पाण्यातून येतात असं पुढे लिहिलं होतं, पण तेवढ्यात उठावं लागलं. माझा अमीबाचाच. जिवाणू या घरात शिरतील कसे? पाण्याचे फिल्टर विकतो मी. अंग गरम आहे, पण हवाच तशी आहे.

बुधवार, १० जुलै
मुलीने ताप मोजला. एकशे दोन. थर्मामीटर जुना झालाय.
उद्या मोठ्या सोसायटीत डेमो. सगळ्या इमारतींचं काम मिळालं तर एरिया मॅनेजरची खुर्ची माझी. निश्चय: मनावर ताबा. आतडं शेवटी मनाचंच ऐकतं.

गुरुवार, ११ जुलै, संध्याकाळी
आतडं ऐकत नाही.
डेमो छान रंगला होता. सेक्रेटरींच्या हातात गाळलेल्या पाण्याचा ग्लास दिला, 'जंतू शून्य' म्हणालो आणि त्यांचंच बाथरूम विचारावं लागलं. परत आलो, पुन्हा गेलो. त्यांनी काळजीने विचारलं, काय होतंय. आमांश, म्हणालो, त्यात लपवायचं काय. घरी कुठलं पाणी पिता, त्यांनी विचारलं. हेच, दोन वर्षं दुसरं तोंडाला लावलेलं नाही, असं छाती काढून सांगितलं. त्यांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला. विचार करून कळवतो म्हणाले. लक्षण चांगलं आहे. विचारी गिऱ्हाईक टिकतं.

शुक्रवार, १२ जुलै
बाथरूमच्या दारात चक्कर आली. दोघींनी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, जिवाणूंचाच दिसतोय. नमुना तपासायला पाठवला, गोळ्या दिल्या, मीठसाखरेचं पाणी पीत राहायला सांगितलं. मग विचारलं, घरात यांना एकट्यालाच कसं झालं?
मी मेहुण्याचं नाव घेणार तोच ही म्हणाली, फिल्टरच्या पाण्याला पहिल्या महिन्यातच वास यायला लागला. तेव्हापासून मी आणि मुलगी उकळलेलं पितो.
घरी आल्यावर विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मला फिल्टर कसा चालतो ते समजावून सांगितलंत.
आठवलं. चांगलं तासभर समजावलं होतं.