अंगणातल्या गोचिडी

प्रिय इल्वा,

बर्फ वितळलं. बोट पुन्हा रोज यायला लागली आणि कोंबड्याही अंडी देऊ लागल्या. शेजारच्या गुनवोरने त्या दिल्या तेव्हा म्हणाली होती, "ने ह्या, अंगणातली एकही गोचीड ठेवणार नाहीत." गोचिडी त्या खातात, नाही असं नाही, पण त्याआधी माझा सॅलडचा वाफा फस्त करतात. मी तक्रार केली तर गुनवोर म्हणते, "बरंच झालं की! वाफाच नाही, तर गोचीड बसेल कशावर?" या बेटावर मला हसवणारी ती आता एकटीच उरली आहे.

नाताळात तू फोनवर म्हणालीस, "बाबा, अंगणात औषध मारून घ्या, नाहीतर मी मोआला तिथे आणणार नाही." मी रागावलो नाही. नात आता चालते, गवतात बसते, दिसेल ते तोंडात घालते. आईला जे झालं ते आपल्याच गवतात झालं. गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड होती. तिने ती चिमट्याने काढली आणि पुन्हा रोपं लावायला गेली. मग ताप आला, मग मेंदूला सूज, आणि इस्पितळातून परत आली ती शब्द हरवूनच. ते दिवस तू पाहिलेस. लसीने मेंदूच्या सुजेचा तो एक आजार टळतो, गोचिडीमुळे होणारा दुसरा टळत नाही, हेही तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तुझ्या फोननंतर मी औषध मारणारा माणूस बोलावला होता, हे तुला सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये तो पाठीवर पंप घेऊन बोटीतून उतरला. चांगला होता बिचारा. फाटकातच त्याने विचारलं, "मांजर आहे का घरात?" मी म्हटलं, आहे. "मग ती कुठेतरी पाठवा. हे औषध ओलं असताना मांजरीच्या अंगाला लागलं, तर मांजर जाते." मी खिडकीकडे पाहिलं. आई खुर्चीत होती आणि सोटिस तिच्या मांडीवर. आईचा उजवा हात आता फक्त एवढंच करतो, मांजरीच्या पाठीवरून फिरतो. मांजर उठून गेली तरी तो तसाच हवेत फिरत राहतो. मी त्या माणसाला कॉफी पाजली आणि दुपारच्या बोटीने परत पाठवलं.

मग मी स्वतःच कामाला लागलो. गुनवोरने लसणाचं पाणी शिंपडायला सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजर अंग चाटते, लसूण नको. झाडांची सुगंधी तेलंही नकोत. तेव्हा उरली ती मेहनत. कुंपणाकडचा कुजका पाला उपसला. लाकडांची रास उन्हात हलवली. जंगल आणि अंगण यांच्यामध्ये खडीचा रुंद पट्टा घातला, कारण कोरड्या खडीवरून गोचिडी सहसा पुढे येत नाहीत. हरणं आत शिरू नयेत म्हणून जाळी ठोकली. दर सकाळी फ्लॅनेलची पांढरी चादर काठीला बांधून गवतावरून ओढतो आणि उलटी करून पाहतो. पांढऱ्यावर त्या लगेच दिसतात, हळूहळू पाय हलवत. हळूहळू कमी होत गेल्या. फक्त एका जागी कमी होईनात.

ती जागा म्हणजे आईचं फुलांचं रान. घरामागे तिने कधी कापू न दिलेलं उंच गवत, त्यात डेझी, निळी घंटाफुलं, आणि तिने कुठून कुठून आणून पेरलेलं बी. तू लहान असताना त्यात लपायचीस आणि ती तुला मुद्दाम शोधायची नाही. मागच्या आठवड्यात मी विळा घेतला. गवतात यंत्र चालेना, म्हणून हातानेच कापलं, मुळापर्यंत. अर्ध्यावर आलो आणि वर पाहिलं, तर आई खिडकीशी होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आत गेलो, हात धुतले, तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "अगं, मोआ यायची आहे, म्हणून." तिने माझ्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे. तिला कळलं की नाही, देव जाणे. थोड्या वेळाने बाहेर जाऊन उरलेलंही कापलं. अर्धवट ठेवून काय उपयोग होता?

तुला खोटं लिहीत नाही. एवढं करूनही काल चादरीवर दोन सापडल्या. हे अंगण पूर्ण स्वच्छ करणं माझ्याच्याने झालं नाही आणि होणारही नाही. पक्षी आणतात, उंदीर आणतात, सोटिससुद्धा आणते. रोज रात्री तिला विंचरतो तेव्हा एखादी निघतेच.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. रविवारी फोनवर सांगणार होतो, पण तू "हॅलो" म्हणालीस आणि मी हवेबद्दलच बोलत बसलो. आईने जेवण जवळजवळ सोडलं आहे. गुरुवारी नर्स येऊन गेली. जाताना दारात तिने माझं कोपर धरलं आणि म्हणाली, "मुलीला बोलावून घ्या. जूनमधल्या मिडसमरच्या सणाची वाट बघू नका." म्हणून अंगणाचं आता विसर. मोआला आणायचं नसेल तर तिच्या बापाकडे ठेव. आणलीस तर धक्क्यापासून मी तिला खांद्यावर घेईन आणि थेट घरात ठेवीन, पाय जमिनीला लागू देणार नाही. पण तू ये. आई तुझी वाट पाहते आहे, असं मी म्हणणार नाही. ती कोणाची वाट पाहते आहे, ते आता कळत नाही. मी पाहतो आहे.

तुझाच,
बाबा